शिवारातली नावं टिपून ठेवताना: बडोद्याजवळच्या एका गावापासून सुरुवात

शक 734, म्हणजे इसवी सन 812. लाटच्या, म्हणजे मध्य-दक्षिण गुजरातच्या, राष्ट्रकूट शाखेतल्या कर्क सुवर्णवर्षाने वटपद्रक नावाचं गाव दान दिलं आणि ताम्रपटात त्याच्या हद्दी लिहून ठेवल्या: पूर्वेला जंबुवाविका, दक्षिणेला महासेन नावाचं तळं, पश्चिमेला अंकोट्टक. वटपद्रक म्हणजे आपलं बडोदा, अंकोट्टक म्हणजे आजचं अकोटा. शेजारची गावं आणि पाण्याची जागा, एवढ्यावर हद्द पक्की झाली. आजही पादऱ्याकडच्या शेतकऱ्याला शेत कुठे आहे म्हणून विचारा, तो ब्लॉक नंबर सांगणार नाही. कुठल्या कांसेच्या (पावसाच्या पाण्याच्या चरीच्या) अलीकडे, कुठल्या देरीच्या (छोट्या देवळाच्या) मागे, असंच सांगेल.

यातली बहुतेक नावं फक्त तोंडात असतात. भायली, सेवासी, बिल ही गावं 2020 साली महापालिकेत आली. टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम लागली की शेताचा नंबर जाऊन आधी मूळ प्लॉट आणि मग अंतिम प्लॉट असा नवा नंबर येतो, बांध मोडतात, शेतांमधली वाट रस्त्याखाली जाते. नाव घ्यायचं कारणच उरत नाही, मग नाव कोण घेणार? आणखी बाहेर, पादरा, वाघोडिया, सावली, करजण या तालुक्यांत अजून वेळ आहे.

गावात फिरून शेतांची, वाटांची, खुणांची ही नावं टिपायचं काम कधीच न केलेल्यांसाठी पुढचं सगळं लिहितो आहे. आपण बडोद्याचे मराठी लोक गुजराती सहज बोलतो, पण ती शहरातली गुजराती. त्यामुळे काही अडचणी खास आपल्या आहेत, आणि त्यांवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे.

1. एकच गाव घ्या

तालुका वगैरे डोक्यात आणू नका. एका गावाची सीम (आपलं शिवार) पुरेशी मोठी असते. पहिल्यांदा तर गामतळ, म्हणजे गावठाण, आणि एका बाजूची सीम एवढंच घ्या. गाव निवडताना इतिहास बघू नका, ओळख बघा. ऑफिसातला सहकारी चालेल, थंडीत ज्यांच्या शेतावर पोंक (आपला हुरडा) खायला जाता ते घर तर उत्तमच.

वहीच्या पहिल्या पानावर गावाच्या नावाबरोबर तालुका आणि केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा कोड लिहा. शेवटी 'पुरा' असलेली गावं आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि एकसारख्या नावांमुळे नोंदींची सरमिसळ होते. 15 ऑगस्ट 2013 ला छोटाउदेपूर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांत संखेडा, नसवाडी, कवांट हे सगळं वडोदरा जिल्ह्यातच सापडेल हेही लक्षात असू द्या.

फिरायचे दिवस दिवाळी ते होळी. पावसात कानम भागातली काळी माती बुटाला चिकटून बसते, कांसा भरून वाहतात. विश्वामित्री आणि ढाढरच्या काठी मगरी असतात हे बडोदेकराला सांगायला नको, तरी सांगतो: पुलावरून मगर बघायची सवय असलेला माणूस गवतातून पाण्याशी उतरताना निष्काळजी असतो. फोटोसाठी ओल्या काठावर जाऊ नका. थंडीतही एक अडचण आहे. तूर आणि एरंडी डोक्याच्या वर गेलेली असते, शेजारचं शेत दिसत नाही. बोलायला पौष-माघ चांगला, लांबवरचे फोटो काढायला फाल्गुन.

2. निघण्यापूर्वी घरी

गुजरात सरकारच्या 'एनीआरओआर' संकेतस्थळावर गाव नमुना 7 बघता येतो. त्यात 'खेतरनुं नाम' असा रकाना आहे, महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असतं तसाच. कुठे भरलेला असतो, कुठे नुसती रेघ. भरलेली नावं उतरवून घ्या, पण त्यांना उत्तरपत्रिका समजू नका. ती कुणीतरी कधीतरी कचेरीत बसून लिहिलेली आहेत. त्याच पानावर खातेदारांची नावं असतात. ती उतरवायची नाहीत, आपल्या कामाशी त्यांचा संबंध नाही.

नंबरांचा गोंधळ इथेच समजून घ्या. एका तुकड्याला जुना सर्व्हे नंबर असतो, जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचा ब्लॉक नंबर असतो, आणि नवी मोजणी झालेल्या गावांत आणखी एक नंबर. गावातला म्हातारा पहिला सांगेल, त्याचा मुलगा दुसरा, संकेतस्थळ तिसरा. नंबर लिहायचाच तर कुठला ते शेजारी लिहा.

नकाशे तीन हवेत. गावाचा महसुली नकाशा जिल्हा भूमी अभिलेख कार्यालयातून, म्हणजे डीआयएलआरमधून मिळतो. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 ची शीट विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. तिच्यात 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 500 मीटर, त्यामुळे मोठी तळी, नद्या, मुख्य वाटा एवढंच मिळेल. तिसरा म्हणजे उपग्रह चित्राची मोठ्या कागदावर काढलेली प्रिंट. ही घ्याच. फोनच्या पडद्यावर बोट ठेवून वयस्क माणसं जागा दाखवत नाहीत, चित्र सरकतं आणि ती वैतागतात. कागद ओटल्यावर पसरला की चार डोकी आपोआप वाकतात.

3. वही काढण्याआधी

शहरालगतच्या गावात अनोळखी माणसाने "हे शेत कुणाचं?" असं विचारलं की ऐकणाऱ्याच्या मनात एकच शब्द येतो: दलाल. जमिनीचे भाव बघता त्यांचं चुकत नाही. म्हणून हा प्रश्न कायमचा सोडून द्या. आधी सरपंचांना आणि तलाटीला भेटा, काम काय ते सांगा, शक्य असेल तर पंचायतीचं दोन ओळींचं पत्र खिशात ठेवा. गावात कुणी हटकलं तर सांगायला एकच वाक्य पाठ करा: "गामनी सीमनां जूनां नाम लखवा आव्यो छुं." (गावच्या शिवारातली जुनी नावं लिहायला आलो आहे.) बाई असाल तर "आवी छुं". लांबलचक प्रस्तावना केली की संशय वाढतो. महसुली नकाशा पहिल्या दिवशी पिशवीतच राहू द्या.

तुम्ही मराठी आहात हे कळलं की बहुधा गायकवाडांचा विषय निघेल. निघू द्या, सयाजीरावांच्या गोष्टी ऐका. त्या गप्पांतून जुनी शाळा, जुनी विहीर, जुनी वाट असे धागे हाती लागतात. आणि चहा नाकारू नका.

4. विचारायचं कुणाला

गावात शिरताच भेटतात ते ओटल्यावरचे काका. त्यांना मोठी नावं पाठ असतात: भागोळी (गावाच्या वेशी), तळाव, मंदिरं, फळियां (आळ्या). ती घ्या, आभार माना आणि पुढे व्हा. सीमेतली बारीक नावं त्यांच्याकडे असतात ज्यांना ती रोज लागतात. गुरं घेऊन फिरणारा भरवाड किंवा रबारी, गवत कापायला जाणाऱ्या बाया, दुसऱ्याचं शेत वाट्याने करणारा भागिया, नहेरीचं पाणी सोडणारा, वीज कंपनीचा वायरमन. वायरमन हा माझा आवडता माणूस. कुठल्या टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फॉल्ट आहे हे त्याला फोनवर नावानेच सांगितलं जातं, म्हणजे कुठली नावं अजून वापरात आहेत याची चालती यादी त्याच्याकडे असते.

बायकांकडे जाताना एक गोष्ट ध्यानात घ्या. सुना परगावच्या, लेकी परगावी गेलेल्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या बांना सासरची सीम तोंडपाठ असते, पण त्यांनी ती मोठेपणी शिकलेली असते. लहानपणी शेळ्यांमागे हिंडलेली गावची लेक आता दुसऱ्या तालुक्यात असते, आणि तिच्या डोक्यात नावं लग्नाच्या वेळी होती तशीच राहिलेली असतात. राखी किंवा दिवाळीला त्या माहेरी येतात तेव्हा गाठा. मला वाटतं नवीन काम करणारे इथे सर्वात जास्त चुकतात. बायकांशी बोलतात ते फक्त पाणी मागायला. पुरुषांना काका किंवा भाई, वयस्क बाईला बा किंवा मासी, बरोबरीच्या बाईला बेन, एवढं सांभाळलंत की पुरे. तुम्ही पुरुष असाल तर सोबत एखादी मैत्रीण, बहीण असावी.

आणि माणसं सुटी सुटी गाठा. घोळक्यात विचारलं की सर्वात मोठ्या आवाजाचं नाव जिंकतं.

5. चालत विचारा, ऐकू येईल तसं लिहा

हे सगळ्या कामाचं पोट आहे. बसून यादी करायला सांगितली तर माणूस दहा-बारा नावांवर थांबतो. तोच माणूस चालायला लागला की दर वळणावर एक नाव काढतो, कारण नावं जागेला चिकटलेली असतात. भागोळीपासून निघा, एका वाटेने गावाच्या हद्दीपर्यंत जा, दुसऱ्या वाटेने परत या.

प्रश्न तीनच. "आने शुं कहेवाय?" (याला काय म्हणतात?) मग हात दाखवून "पेली बाजू शुं कहेवाय?" (त्या बाजूला काय म्हणतात?) आणि शेवटी "पहेलां शुं कहेता?" (पूर्वी काय म्हणत?) तिसरा प्रश्न विसरू नका. ट्यूबवेल झाल्यापासून शेताला 'बोरवाळुं' म्हणत असतील, त्याआधी तिथे काय म्हणत ते याच प्रश्नाने निघतं. तुम्ही नाव सुचवायचं नाही. "याला टींबो म्हणतात का?" असं विचारलंत तर सौजन्य म्हणून 'हो' मिळेल. 'असं नाव का पडलं' हाही प्रश्न उशिरा विचारा. तो विचारला की माणूस पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून गोष्ट रचतो. गोष्ट जरूर लिहा, पण वेगळ्या जागी, सांगणाऱ्याच्या खाती.

आता आपले मराठी कान. पहिली चूक मराठी वळण देण्याची. टेकरो ऐकतो आणि टेकरा लिहितो, कुवो ऐकतो आणि कुवा लिहितो, फळियुं तर आपल्या बोलण्यात कधीच फळिया झालेलं आहे. वहीत गावकऱ्याच्या तोंडचं रूप हवं. शेवटचा 'उं' नाकातला असतो आणि मराठीत तसा शेवट फारसा येत नाही, म्हणून 'आंबावाळुं', म्हणजे आंब्याचं शेत, वहीत 'आंबावाळू' होतं आणि वर्षभराने तुम्हीच तिथे वाळूचा पट्टा शोधत बसता.

दुसरी चूक विभक्तीची. बोलताना माणूस "भागोळे ऊभो छे", "टेकरे गयो" असं म्हणतो. मूळ नाव भागोळ, टेकरो. वाक्यात ऐकलेलं नाव जसंच्या तसं लिहिलंत तर एका जागेची दोन नावं होतील. शंका आली की नुसतं नाव पुन्हा म्हणायला सांगा.

तिसरी गोष्ट बोलीची. खेड्यात 'स'चा 'ह' होतो. 'सारुं'चं 'हारुं' ऐकू येतं, 'सीम'ची 'हीम'. इथे काय लिहायचं? दोन्ही. मुख्य नावात शाळेत लिहितील ते रूप, आणि 'उच्चार' रकान्यात ऐकलेलं. बोलीतलं रूप 'अशुद्ध' म्हणून टाकून देणं हा आपल्यातल्या शिकलेल्यांचा जुना रोग आहे. चौथं, देरी आणि डेरी. देरी म्हणजे छोटं देऊळ, डेरी म्हणजे दूध मंडळी, आणि दोन्ही खुणा गावागावात आहेत, पुष्कळदा एकाच चौकात. घाईत 'द' आणि 'ड' सुटतो. 'ळ'चा मात्र आपल्याला फायदा आहे. तळाव, वाळुं, नेळियुं हे आपण न अडखळता ऐकतो आणि लिहितो.

परवानगी घेऊन फोनवर आवाज टिपा: नाव सुटं तीनदा, मग एका वाक्यात. वाऱ्याला पाठ करून उभे राहा. नाव गुजराती लिपीत लिहिता येत असेल तर तिथल्या तिथे लिहा आणि सांगणाऱ्याला दाखवा; वाचता येत असेल तर तोच दुरुस्त करेल.

कानावर हमखास पडणारे जागांचे प्रकार आधीच माहीत असलेले बरे. नेळियुं ही दोन्हीकडे कुंपण असलेली खोलगट शेतवाट, आपली पांदण. कांस म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारी चर. वगो हा सीमेतला शेतांचा एक समूह, कधी तिथे वस्तीही असते. टींबो म्हणजे उंचवटा. तिथे खापरं दिसली तर बहुधा जुनी वस्ती. महीच्या बाजूला कोतरं आणि भाठां लागतील, घळी आणि नदीकाठची गाळाची जमीन. खळी म्हणजे खळं, विशेषतः तंबाखूचं. गौचर म्हणजे गायरान, खराबो म्हणजे पडीक. ही यादी वहीच्या मागे लिहून ठेवा आणि गावात जे ऐकाल त्याने खोडा. एकच शब्द दोन गावांत वेगळ्या अर्थाने वापरतात.

वाटांच्या नावांत एक गंमत असते. डभोईच्या किल्ल्याचे दरवाजे बघा: वडोदरी भागोळ, नांदोदी भागोळ. जिकडे वाट जाते त्याचं नाव. खेड्यातही हेच चालतं, त्यामुळे एकाच नेळियाला या टोकाचं गाव पलीकडच्या गावाचं नाव देतं आणि पलीकडचं गाव या गावाचं. दोन्ही बरोबर. दोन्ही टोकांना जाऊन विचारल्याशिवाय वाटेची नोंद पूर्ण धरू नका.

6. नोंद कशी असावी

एका जागेला एक ओळ, संध्याकाळी घरी आल्यावर लगेच. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. साधी स्प्रेडशीट पुरते. रकाने असे: क्रमांक, नाव गुजराती लिपीत, तेच देवनागरीत, उच्चार, दुसरी नावं, जुनं नाव, जागेचा प्रकार, ठिकाण, कुणी सांगितलं, कधी, आवाजाच्या फाइलचा क्रमांक. 'कुणी सांगितलं' मध्ये माणसाचं नाव नको. 'साठीपुढचे पशुपालक', 'गावची लेक, आता परगावी' एवढं बस. स्वतःचं नाव यावं अशी कुणाची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी, ती विचारून घ्या.

समजा एक नोंद अशी होईल: टींबावाळुं, उच्चार तसाच, जुनं नाव कळलं नाही, प्रकार शेत, ठिकाण मोठ्या कांसेच्या पश्चिमेला, नेळियाच्या दुसऱ्या वळणापासून जुन्या कुव्यापर्यंत, सांगणारे दोघे, भागिया आणि बा, बांच्या मते कुव्यापलीकडचं शेतही यातच येतं, भागियाच्या मते नाही. हा शेवटचा मतभेद पुसायचा मोह होतो, कारण रकाना स्वच्छ दिसतो. पुसू नका. शेतं विकली जातात, वाटण्या होतात, नाव कधी आकसतं कधी पसरतं. दोन पिढ्यांतला फरक त्या मतभेदातच दिसतो.

फोनचा जीपीएस उघड्या आभाळाखाली साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतो, दाट झाडीत त्याहून वाईट. अंशांच्या दशांश चिन्हापुढचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर सुमारे 1 मीटर, तेव्हा पाच आकड्यांपुढे लिहिण्यात अर्थ नाही. देरी, कुवो, झाड यांना बिंदू चालतो. वगो किंवा सीमेचा एखादा भाग याला एकच बिंदू दिलात तर वाचणाऱ्याला वाटेल नाव तेवढ्याच जागेचं आहे. तिथे 'कुठून कुठपर्यंत' हे शब्दांत लिहा.

7. खुणा

पाण्याच्या खुणा आधी घ्या: तळाव, तलावडी, कुवो, वाव (पायऱ्यांची विहीर), हवाडो, परब (पाणपोई). सेवासीच्या विद्याधर वावेसारख्या मोठ्या वास्तूंवर आधीच पुष्कळ लिहिलेलं आहे, तिथे दिवस घालवू नका. गुरांना पाणी पाजायचा पडका हवाडो कुणीच नोंदवणार नाही, तो तुम्ही नोंदवा. मग देवस्थानं. वेराई माता, बळियादेव, भाथीजी, मेलडी, खोडियार यांच्या देऱ्या वाटांच्या फाट्यावर असतात आणि पत्ता सांगताना सर्वात जास्त वापरल्या जातात. पाळिया (वीरगळ) असेल तर फोटो घ्या, लेखावर खडू, पीठ, तेल काहीही फासू नका; सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात अक्षरं आपोआप उठतात. गावातला चबूतरो म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायचा खांबावरचा मनोरा, मराठीतला चबुतरा नव्हे.

नवीन खुणांना नाक मुरडू नका. पाण्याची टाकी, पिकअप स्टँड, दूध मंडळी, मोबाइलचा टॉवर यांवरूनच आज मुलं पत्ता सांगतात. जुनी शाळा विचाराच. बडोदा राज्यात 1906 पासून सक्तीचं प्राथमिक शिक्षण होतं, आणि शाळा दुसरीकडे हलली तरी त्या कोपऱ्याला 'जूनी निशाळ' म्हणत राहतात. पडलेला वड, बुजलेली विहीर, तोडलेली रायण यांचीही नोंद होते, 'आता नाही' असं लिहून. निम्मी गंमत त्यांच्यातच आहे.

8. जुने कागद, नंतर

आपल्याला वाटतं मोडी येते, तर आधी दफ्तरात जावं. माझा सल्ला उलटा आहे. आधी गाव, मग कागद. नाहीतर कागदातली नावं डोक्यात घेऊन फिरता आणि तीच ऐकू येतात. सीम एकदा फिरून झाली की मात्र बडोद्याच्या दफ्तर भंडारात गायकवाडी काळातले कागद बघण्यासारखे आहेत. पेटलाद आज आणंद जिल्ह्यात आहे, पण बडोदा राज्यात होतं, म्हणून तिकडच्या गावांचे धागेही इथे लागू शकतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, अनुस्वार गळतात, आणि लिहिणारा कारकून मराठी असेल तर गुजराती नाव त्याच्या कानाने लिहिलेलं असतं. थोडक्यात, वर सांगितलेल्या चुका त्यानेही केलेल्या आहेत. कागदातलं रूप 'जुनं लेखन' म्हणून वेगळ्या रकान्यात घ्या, त्यावरून गावातलं नाव दुरुस्त करू नका.

9. लोकांसमोर मांडताना

फेब्रुवारी 2021 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय नागरिकाला अशी भौगोलिक माहिती गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला आधी परवानगी लागत नाही. संवेदनशील जागांचे निर्बंध आहेतच. आपल्याकडे लष्कराचे भाग आहेत, हवाई दलाचा तळ आहे, कोयलीला रिफायनरी आहे. त्यांच्या भिंतीजवळ फोन आणि वही दोन्ही आत ठेवा.

नावं सर्वांना वापरता यावीत म्हणून ओपनस्ट्रीटमॅपवर घालणं सर्वात सोयीचं. तिथे मुख्य नाव, गुजराती नाव, पर्यायी नाव, जुनं नाव यांना वेगळे रकाने आहेत आणि वस्ती नसलेल्या नावाच्या जागेसाठी वेगळा प्रकारही. तिथे गुगल मॅप्सवरून काहीही उचलून टाकायला बंदी आहे. तुम्ही चालून, ऐकून आणलेलंच घाला. मराठी नावाचा रकानाही असतो. तो भरा, पण मुख्य नाव गावाचंच, गुजरातीतलं.

सगळंच बाहेर काढायचं नसतं. काही फळियांना आणि वाटांना जातीची नावं आहेत, आणि बाहेरचे लोक ज्या नावाने हाक मारतात ते तिथे राहणाऱ्यांना टोचतं. महाराष्ट्र सरकारने 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला तो याच कारणाने. तिथे राहणाऱ्यांनाच विचारा, ते स्वतः काय म्हणतात ते नकाशावर जाऊ द्या. दुसरं नाव वहीत, तारखेसह, बंद. ज्या टींब्यावर खापरं किंवा मूर्तीचे तुकडे दिसले त्याचा नेमका बिंदू जाहीर करू नका. खणणारे नकाशे वाचतात. आणि ज्या नोंदीला एकच सांगणारा आहे ती नकाशावर घालायची घाई नको.

शेवटी एक गुजराती प्रत छापून पंचायतीत आणि शाळेत द्या, मोठ्या अक्षरात, प्रत्येक नावापुढे दुरुस्तीसाठी कोरी जागा सोडून. कोऱ्या जागेशेजारी पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर ते पहिल्याच दिवशी जातं. महिन्याभराने जाऊन प्रत परत आणा, दुरुस्त्या स्प्रेडशीटमध्ये चढवा, वरची तारीख बदला आणि नवी प्रत तिथेच लावा.